वेळ कुणाकडे आहे? संसारी माणसाच्या आहार-व्यायामाच्या वादाचा आढावा

सोयगाव तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असला, तरी अजिंठ्याची रांग मध्ये आडवी पडल्यामुळे त्याचे रोजचे येणेजाणे पाचोरा, जामनेर, जळगावशीच अधिक. ताटही निम्मे खानदेशी. कळण्याची भाकरी, भरीत, वरण-बट्टी, थंडीत बाजरी. रानात कपाशी आणि मका. शेतकरी, मजूर, शिक्षक, आशाताई, दुकानदार, आणि फर्दापूरकडे लेण्यांच्या पर्यटनावर पोट असलेली माणसे, अशी इथली वस्ती. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठवाडा-खानदेशातल्या अशा घरांत दोन वाक्ये सर्रास ऐकू येऊ लागली. एक, "शुगर निघाली." दुसरे, "डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय." पहिले वाक्य पूर्वी साठीतल्या माणसाबद्दल असे, आता शाळकरी मुलांच्या आई-बापांबद्दलही असते. दुसऱ्या वाक्यानंतर बहुधा काही घडत नाही, किंवा महिनाभर घडते आणि बंद पडते.

सवय एकदा मोडल्यावर मुले, काम आणि घर सांभाळत ती पुन्हा कशी लावायची, यावर महाराष्ट्रात आणि बाहेर बरेच बोलले गेले, काही तपासलेही गेले. त्याची मांडणी इथे केली आहे.

आकडे, आणि त्यातला पेच

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. मधुमेही सुमारे १०.१ कोटी, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी, आणि पोटावर चरबी असलेले प्रौढ चाळीस टक्क्यांच्या आसपास. हे आकडे आता पाठ झाल्यासारखे वर्तमानपत्रांत येतात. त्यांच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे (२०१९–२१) महाराष्ट्राचे आकडे ठेवले की चित्र गुंतागुंतीचे होते. राज्यातल्या साधारण २३ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या, जवळपास २१ टक्के कमी वजनाच्या, आणि निम्म्याहून अधिक रक्तक्षयाच्या. म्हणजे "कमी खा" हा सल्ला ज्या गल्लीत एका घराला लागू पडतो, तिथेच शेजारच्या घराला घातक ठरू शकतो. पुण्या-मुंबईच्या वर्तुळात तयार झालेले आहारशास्त्र तालुक्याच्या गावी जसेच्या तसे उचलता येत नाही, ते याच कारणाने.

दुसरा पेच पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी समोर आणला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या घरात होते. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. पण वजनात एवढी तूट असूनही पुण्याच्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. हाडे-स्नायू कमी, चरबी राखलेली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २३ वर आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरली जाते, त्याच्या मागे अशाच निरीक्षणांची साखळी आहे. "मी काय जाडा आहे का?" असे म्हणून फिरणे टाळणाऱ्या सडपातळ बापाला हे कुणीतरी सांगायला हवे.

वाद कुठून आला

महाराष्ट्राला शरीरसाधनेचे उपदेश नवे नाहीत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा प्रसार शाळाशाळांतून केला, अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, गावोगावी तालमी होत्या. पण त्या सगळ्याचा रोख तरुणावर, त्यातही मुलग्यावर. चाळिशीची दोन लेकरांची आई किंवा हप्ते फेडणारा बाप हा त्या उपदेशाचा श्रोता नव्हताच.

तो श्रोता मिळाला मधुमेहाच्या भीतीमुळे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४), असंख्य पदव्यांमुळे आख्यायिका झालेले राजकारणी, यांनी व्याख्यानांतून मांडले की प्रत्येक खाण्यासरशी इन्सुलिन स्रवते. म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो धागा उचलून त्याची मोहीम केली. कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढेच, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी) तपासा. खर्च शून्य, यादी लहान. २०१८ च्या सुमारास ही पद्धत व्हॉट्सॲपवरून तालुक्या-तालुक्यात पोचली, आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेसाठी दीक्षितांना सदिच्छादूत नेमले. (तेव्हा त्या खात्याचे मंत्री गिरीश महाजन होते, म्हणजे सोयगावच्या शेजारच्या जामनेरचे आमदार.) आहारतज्ज्ञांकडून आक्षेपही आले.

दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. २००९ च्या त्यांच्या पहिल्या इंग्रजी पुस्तकापासून त्यांचा सूर वेगळा आहे. उठल्या उठल्या चहा नको, एखादे केळे किंवा भिजवलेले बदाम घ्या. दर दोन-तीन तासांनी थोडे खा. भात, तूप, आजीच्या हातचे ते सगळे खा. आपल्या मातीतले आणि हंगामातले निवडा. कॅलरी मोजण्याचा आणि स्वतःला दोषी मानण्याचा त्यांना तिटकारा आहे. दीक्षितांचा सल्ला जेवणाची वेळ बांधतो, दिवेकरांचा जिन्नस सांभाळतो.

दोन्ही छावण्यांना घराघरांत ओळखीची जागा मिळाली, हे मला महत्त्वाचे वाटते. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या घराला दोनच जेवणे परकी वाटत नाहीत, आणि तूप-भात खा म्हटल्यावर आजी खूश होतेच. उलट 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हेही याच घरांतले; साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याच्या कुटाचा उपास हा उपास कसला, हे सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नाही.

ताटाचा निकाल कितपत लागला

दोनदा की सहादा, यावर जगातला पुरावा एका बाजूला पूर्ण कललेला नाही. प्राग इथे २०१४ मध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर तुलना झाली. तेवढ्याच कॅलरी सहा लहान खाण्यांत दिल्या तेव्हा वजन सरासरी २.३ किलोने उतरले, दोन मोठ्या जेवणांत दिल्या तेव्हा ३.७ किलोने. दीक्षितांच्या समर्थकांना हा अभ्यास जवळचा वाटावा, फक्त तिथली दोन जेवणे म्हणजे सकाळचे आणि दुपारचे, रात्रीचे नव्हे. आपल्याकडे घरचे सगळे एकत्र बसतात ते रात्रीच. ते जेवण कोणता संसारी माणूस सोडेल? २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने चीनमधल्या १३९ लठ्ठ व्यक्तींचा वर्षभराचा प्रयोग छापला. सगळ्यांच्या कॅलरी कमी केल्या, निम्म्यांना वर आठ तासांच्या खिडकीतच खाण्याचे बंधन घातले. वजन दोन्ही गटांचे उतरले, आठ किलो आणि सव्वासहा किलोच्या आसपास, आणि हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. थोडक्यात, वेळेच्या बंधनाने एकूण खाणे आपोआप घटत असेल तर फायदा. घटत नसेल तर त्या बंधनात वेगळी जादू दिसत नाही. इन्सुलिनचा ५५ मिनिटांचा हिशेब हा दीक्षित पद्धतीचा सर्वांत वादग्रस्त भाग आहे. पण दिवसभरात सात-आठदा साखरेचा चहा आणि बिस्किटे घेणाऱ्या माणसाची ती सवय त्या नियमामुळे एका फटक्यात सुटते, हे टीकाकारही नाकारत नाहीत. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया, १८ वर्षांखालची मुले आणि टाइप-१ मधुमेही यांना खुद्द दीक्षितही या पद्धतीतून वगळतात. गावात पद्धत पसरताना हे वगळणे मात्र वाटेतच गळते.

'काय खावे' याबाबत चर्चा थोडी पुढे सरकली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सतरा मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन हजार कॅलरींच्या नमुना ताटात दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, डाळी-अंडी-मांस मिळून ८५, दूध ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. कागदावर हे रूक्ष दिसते; किराण्याच्या हिशेबात बसवले की बोलू लागते. चार मोठ्या माणसांच्या घराला २७ ग्रॅमने महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे लिटरच्या साडेतीन पिशव्या तेल होते. घरी पिशव्या किती येतात ते ज्याने त्याने मोजावे. अडीचशे ग्रॅम पिठात मध्यम आकाराच्या तीनेक भाकऱ्या होतात. दिवसभर निंदणी करून आलेल्या बाईला त्या पुरणार नाहीत, आणि खुर्चीवर बसणाऱ्याला रात्रीच्या भातासकट त्या जास्त होतील. नमुना ताटाला ही मर्यादा आहेच.

भाकरीबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी, ती ऐकायला फारशी गोड नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि ज्वारी-बाजरीची पुण्याई नव्याने गायली गेली. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ, रानात ज्वारीच्या जागी कपाशी आणि मका, अशा भागात भाकरी ताटात परतली तर आनंदच. पण २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या 'इंडियाब'च्या आहारविश्लेषणाने दाखवले की भारतीयांच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, प्रथिनांतून जेमतेम १२. कर्बोदके तेवढीच ठेवून नुसता पांढरा तांदूळ काढून गहू किंवा भरडधान्य घातल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा भाग डाळी किंवा दुधातल्या प्रथिनांनी भरून काढला तेव्हा दिसला. हा एकवेळच्या पाहणीचा निष्कर्ष आहे, प्रयोगाचा नव्हे, त्यामुळे शेवटचा शब्द मानू नये. तरी रोख कळतो. पोळी की भाकरी या प्रश्नापेक्षा शेजारची वाटी वरणाची आहे की वरणाच्या पाण्याची, हा प्रश्न मोठा. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी या हिशेबात नुसत्या भाकरीपेक्षा उजवी, हा खानदेशी ताटाचा जुनाच शहाणपणा.

कामाला व्यायाम म्हणायचे का

या क्षेत्रातला माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न हा आहे, आणि ग्रामीण महाराष्ट्रात तो टाळताच येत नाही. "दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कसला?" हे उत्तर आळसाचे म्हणून उडवून लावता येत नाही.

तो प्रश्न एका कागदावर रोज उमटतो. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा 'सीबॅक' फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, आणि आई-वडील-भावंडांत बीपी, शुगर, हृदयरोग आहे का, एवढ्या प्रश्नांना गुण आहेत. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला प्राधान्याने बोलवायचे. आता समजा छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई. वयाचा १ गुण. कंबर ८४ सेंटिमीटर, म्हणजे १. तिच्या आईला शुगर आहे, त्याचे २. तंबाखू-दारू शून्य. बेरीज चार झाली, आणि उरला हालचालीचा प्रश्न. तिने सकाळपासून धुणी-भांडी केली, पाणी भरले, ऐन कामाच्या दिवसांत कपाशीही वेचली. हे १५० मिनिटांत धरले तर गुण शून्य, बेरीज चार, ती प्राधान्यात नाही. "व्यायाम करता का?" असा प्रश्न तिने ऐकला आणि "नाही, ताई" म्हणाली, तर १ गुण, बेरीज पाच, ती प्राधान्यात. एका बाईचा तपासणीतला क्रम तिच्या कामाला काय नाव दिले जाते, यावर ठरतो.

शास्त्रज्ञांतही यावर दोन तट आहेत. डेन्मार्क-नेदरलँड्सच्या संशोधकांनी 'शारीरिक हालचालींचा विरोधाभास' मांडला. फावल्या वेळेतला व्यायाम आयुष्य वाढवतो, कामावरचे कष्ट वाढवत नाहीत, उलट घटवू शकतात. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात जास्त कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. स्त्रियांत तसे स्पष्ट दिसले नाही. त्यांचे स्पष्टीकरण असे की कामातले कष्ट तासन् तास, एकाच पवित्र्यात, विश्रांतीवाचून चालतात. हृदयाला ताण मिळतो, ताकद मिळत नाही. दुसरा तट म्हणतो की कष्टकरी माणूस गरीबही असतो, तंबाखूही जास्त ओढतो, त्याचा दवाखानाही लांब असतो. दोष कामाचा नसून गरिबीचा आहे. नॉर्वेत २०२१ मध्ये हे घटक काटेकोरपणे वेगळे काढल्यावर हालचालीचे काम करणारे पुरुष उलट जास्त जगलेले दिसले. हे सगळे अभ्यास प्रामुख्याने श्रीमंत देशांतले. मका सोंगणारा मजूर त्यांत नाही.

पुण्याच्या त्याच सहा गावांच्या अभ्यासात गर्भवती स्त्रियांचे काम मोजले गेले होते. पाणी आणणे, धुणे, शेतीचे काम जास्त असलेल्या स्त्रियांची बाळे लहान जन्मली. कष्ट म्हणजे आरोग्य, हे समीकरण निदान त्या अवस्थेत तरी लागू पडले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मात्र व्याख्या सैल केली आहे, आणि ती घाईतल्या आई-बापांच्या बाजूची आहे. २०१० च्या तिच्या शिफारशीत हालचाल सलग किमान दहा मिनिटांची हवी होती. २०२० मध्ये ती अट काढली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल, कशीही तुकड्या-तुकड्यांत; शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे काही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या व्यायाम न करणाऱ्या पंचवीस हजार लोकांच्या मनगटी यंत्रांवरून दिसले की रोजच्या कामात एक-दोन मिनिटांची दम लागेल अशी धावपळ दिवसातून तीनदा झाली, तरी मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते. निरीक्षणच हे, पण भरभर जिना चढणे किंवा हंडा घेऊन चढण चढणे मोजण्यात येऊ लागले, हा बदल लहान नाही. रोज दहा हजार पावलांचा आकडाही आता ढिला झाला आहे. तो १९६५ च्या सुमारास जपानात विकल्या गेलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला. २०२५ च्या एकत्रित विश्लेषणात सात हजारांच्या आसपासच बहुतेक फायदा पदरात पडलेला दिसतो.

ताकदीच्या व्यायामाकडे मात्र आपल्या चर्चेत फारसे कुणी बघत नाही. याज्ञिकांचा मुद्दा खरा असेल, स्नायू मुळातच कमी असतील, तर नुसत्या चालण्याने ते भरून येणार नाहीत. सूर्यनमस्कार, उठाबशा, पाण्याच्या कॅनने केलेला व्यायाम, यांतले काहीही चालेल. दीक्षितांच्या साडेचार किलोमीटरमध्ये आणि गावातल्या 'फिरायला जातो' या कल्पनेत ही बाजू लंगडी राहते.

वेळ

'ज्याला करायचे त्याला वेळ मिळतो' असे म्हणणाऱ्यांची एक बाजू आहे, आणि ती पूर्ण चूक नाही. मोबाइलवर जाणारा तास खरा आहे. पण केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी वेळ २८९ मिनिटे निघाला, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८. मुलांची-माणसांची काळजी घेण्यात स्त्रिया १३७ मिनिटे, पुरुष ७५. दीक्षितांची ४५ मिनिटे या दिवसात दोघांना सारख्याच किमतीत मिळत नाहीत. बापाने पहाटे फिरायला जायचे तर बूट घालायचे. आईने जायचे तर डबा, पाणी, मुलांची आंघोळ यांपैकी एक काम कुणीतरी अंगावर घ्यायचे.

शिवाय जायचे कुठे? सकाळच्या अंधारात तालुक्याच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे धावताना दिसतात. त्याच रस्त्याला पदपथ नसतो, वाळूची-उसाची वाहने असतात, आणि ओळखीची बाई चालताना दिसली की "कुठं निघालात?" हे विचारले जातेच. सोयगावजवळ वेताळवाडीचा किल्ला आहे, हळद्याच्या घाटाची चढण आहे. रविवारी मुलांना घेऊन चढायला याहून चांगली जागा शहरातल्या माणसाला पैसे मोजून मिळायची नाही. रोजच्या उपयोगाची मात्र ती नव्हे. आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही फायदा होतो, असे २०१७ च्या ब्रिटिश आकडेवारीने सुचवले आहे. त्यामुळे रविवारचा किल्ला अगदी वाया जात नाही.

मोडलेली सवय

सवय एकवीस दिवसांत लागते हा समज मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. २०१० मध्ये लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर ते तपासले. मध्यक निघाला ६६ दिवस, पसारा १८ पासून २५४ पर्यंत. खाण्यापिण्याच्या सवयी लवकर मुरल्या, व्यायामाच्या उशिरा. एखादा दिवस चुकल्याने घडी मोडली नाही, हा त्यातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

पण हे प्रयोग विद्यार्थ्यांसारख्या, स्वतःच्या दिवसावर बऱ्यापैकी हुकूमत असलेल्या लोकांवरचे. शेतीच्या गावात ६६ दिवस सलग सारखे असतातच कुठे? जूनला शाळा आणि पेरणी एकदम येतात, मग निंदणी-खुरपणी, नवरात्र, दसऱ्यापुढे वेचणी, मग लग्नसराई. सवयशास्त्रातला एक प्रवाह असे बदल संधी मानतो. जुने संकेत तुटलेले असतात, नवे पेरता येतात. नव्या आठवड्याच्या, नव्या वर्षाच्या सुरुवातीला लोक जास्त संकल्प करतात, हे २०१४ मध्ये मोजलेही गेले. दुसरा प्रवाह म्हणतो की दर तीन महिन्यांनी संकेत तुटणाऱ्या घरात सवय लागण्याआधीच मोडते, तिथे संकल्पापेक्षा 'हंगामागणिक वेगळी सवय' हे ध्येय ठेवणे शहाणपणाचे. मला दुसरे पटते. वेचणीच्या दिवसांत फिरणे बंद पडले तर ते अपयश नव्हे. त्या दिवसांत फक्त ताट आणि झोप सांभाळावी, चालणे संक्रांतीनंतर. या मताला प्रयोगाचा आधार मात्र अजून नाही.

वजन उतरले नाही म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी चेन्नईचा एक जुना अभ्यास आठवणीत ठेवण्याजोगा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर तो केला, २००६ मध्ये छापला. तीन वर्षांत नुसत्या सल्ल्याच्या गटात ५५ टक्के मधुमेही झाले, आहार-व्यायाम सांभाळणाऱ्या गटात ३९.३ टक्के. त्या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेले नव्हते. २०१३ मध्ये त्यांनीच ५३७ नोकरदार पुरुषांना मोबाइलवर लहान संदेश पाठवून दोन वर्षे पाहिले. मधुमेह होणाऱ्यांचे प्रमाण २७ वरून १८ टक्क्यांवर आले. स्वस्त उपाय, पण स्त्रिया त्यात नव्हत्या.

घर हे एकक

अलीकडे संशोधनाचा रोख एकट्या माणसाकडून घराकडे वळतो आहे. अमेरिकेत एमी गोरिन यांनी २०१८ मध्ये १३० जोडप्यांत पाहिले की एकाने वजनाचा कार्यक्रम घेतला की दुसऱ्याचेही उतरते, कार्यक्रमात नसूनही. सहा महिन्यांत तिघांतल्या जवळपास एकाचे तीन टक्के किंवा अधिक. मुलांच्या ताटातले उरलेले आईच्या पोटात जाणे, बापाने बाजारातून मुलांसाठी आणलेले फरसाण स्वतःच संपवणे, पाच रुपयांच्या पुड्या, पाहुण्यासाठी म्हणून ठेवलेला चहा हे सगळे एकट्याच्या निश्चयाने सुटणारे नाहीच. केरळने शेजारपाजारचे गट करून पाहिले. साठ वस्त्यांतल्या एक हजारावर लोकांत गटप्रमुख गावातलेच होते, दारू घटली, फळे-भाज्या वाढल्या, पण मधुमेहातली घट (१७.१ विरुद्ध १४.९ टक्के) निर्णायक म्हणता येईल इतकी नव्हती, असे २०१८ च्या अहवालात दिसते.

आपल्या घरांच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग स्कॉटलंडमधला आहे, तिथल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या १७१ जणांवरचा, राज भोपाळ यांनी २०१४ मध्ये छापलेला. आहारतज्ज्ञ घरी जात, आणि ज्याला धोका आहे त्याच्याइतकेच घरात स्वयंपाक करणाऱ्याशी आणि किराणा आणणाऱ्याशी बोलत. तीन वर्षांत पंधरा भेटी. तुलनेच्या गटाला चारच. वजनातला फरक पडला १.६४ किलोचा. याला यश म्हणायचे की नाही, यावर मते विभागली आहेत. एवढ्या खर्चात दीड किलो, असे एक म्हणतात. तीन वर्षे वजन वाढू दिले नाही हेच पुष्कळ, असे दुसरे.

सोयगावसारख्या तालुक्यात ही पद्धत नेली तर स्वयंपाक करणारी आणि धोक्यात असलेली बहुतेक वेळा एकच असेल, किराणा आणणारा दुसरा, आणि तेलाची किटली सासूबाईंच्या हाताशी. घरी जाणारे माणूस आपल्याकडे आधीपासून आहे, आशाताई. पण त्यांच्या यादीत लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, सर्वेक्षणे आधीच आहेत आणि मोबदला बऱ्याच अंशी कामागणिक मिळतो. घरामागे आणखी पंधरा भेटी त्या यादीत कुठे बसवायच्या आणि त्यांचे पैसे कुणी द्यायचे, यावर चर्चा अजून सुरूच झालेली नाही.